सुगंध म्हणजे शुद्ध हवा नव्हे

ट्रॉम्बे-चेंबूर भागात राहणाऱ्यांना वासाबद्दल वेगळं सांगायला नको. माहुलकडून येणारा रसायनांचा वास आणि देवनार डंपिंगचा धूर आपल्या रोजच्या ओळखीचे. जानेवारी २०१६ मधली डंपिंगची आग अनेकांना आठवत असेल. वास आला की आपण खिडक्या लावतो आणि आत अगरबत्ती, धूप किंवा रूम फ्रेशनर सुरू करतो. माझ्या मते हा उपाय नाही. बंद खोलीतल्या प्रदूषणात आपण आणखी भर घालतो. आणि ज्याला तोंडाने तक्रार करता येत नाही, तो घरातला कुत्राही तीच हवा घेत असतो.

सुगंधाने हवा स्वच्छ होत नाही, फक्त एका वासावर दुसरा वास चढतो. अगरबत्ती, धूप आणि मच्छर कॉइल यांच्या धुरात फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे असे कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. स्प्रे आणि डिफ्यूझरमध्ये धूर नसला तरी हवेत उडणारी रसायनं असतातच.

कुत्र्याचं काय वेगळं? आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, त्याच्या नाकात २० कोटींहून जास्त. आपल्याला 'मंद' वाटणारा वास त्याच्यासाठी मंद नसतो. आपण कामाला बाहेर पडतो, तो दिवसभर त्याच खोलीत असतो. अंगावर बसलेले कण तो चाटून पोटातही घेतो. सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या लांब नाकाच्या कुत्र्यांमध्ये नाकाच्या कर्करोगाचा संबंध अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवला होता. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तर एरवीही श्वास घेणं कठीण जातं.

आणखी एक धोका माणसांचा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. घर सतत घमघमत असेल तर ही सूचना उशिरा कळू शकते.

मग पूजा बंद करायची का? मुळीच नाही. एवढं करा :

– एकच अगरबत्ती, खिडकी उघडी ठेवून. तेवढा वेळ कुत्रा दुसऱ्या खोलीत.
– बाहेरच्या वासामुळे खिडक्या बंद असतील, तेव्हा घरात काहीही जाळू नका, फवारू नका.
– डासांसाठी कॉइलऐवजी खिडक्यांना जाळी आणि रात्री मच्छरदाणी.
– टी ट्री ऑइल कुत्र्याच्या अंगाला लावू नका. कापूर आणि डांबरगोळ्या त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा ठेवा. पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.
– दुर्गंधीचं मूळ शोधा : ओला कचरा, तुंबलेली मोरी, न धुतलेलं कुत्र्याचं अंथरूण.

कोरडा खोकला, वारंवार शिंका, डोळ्यांतून पाणी, पंजाने नाक घासणं ही लक्षणं दिसली तर आधी सुगंधी वस्तू बंद करा. गाढ झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला ३० पेक्षा जास्त भरत असतील तर पशुवैद्यकाकडे न्या. जीभ निळसर दिसली किंवा धाप थांबत नसेल तर लगेच निघा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपल्या सर्वांना माहीत आहेच. माणसांचं खोकल्याचं औषध, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका. ही औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

कुत्र्यासाठी केलेला हा बदल घरातल्या दमेकरी आजीला आणि तान्ह्या बाळालाही तितकाच उपयोगी पडेल. बाहेरची हवा सुधारण्यासाठी आपल्याला महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखान्यांकडे पाठपुरावा करत राहावा लागेल. घरातली हवा मात्र आजपासून आपल्या हातात आहे. चांगल्या हवेला वास नसतो, एवढं लक्षात ठेवा.