माहितीपटाने काय होतं, असं विचारणाऱ्यांना

आमच्या लहानपणी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप उपडा असायचा. कान तुटलेला. तो कामाला येणाऱ्या मावशींचा. चहा पिऊन झाला की त्या तो स्वतः विसळायच्या आणि पुन्हा तिथेच उपडा ठेवायच्या. घरात कोणी दुष्ट नव्हतं. आई दिवाळीला त्यांना साडी द्यायची, त्यांच्या मुलीला वह्या-पुस्तकं द्यायची. पण तो कप घरातल्या कपांत कधी मिसळला नाही, आणि ‘मोलकरीण’ हा माहितीपट बघेपर्यंत त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

‘मोलकरीण’ 1981 चा. ‘युगांतर’ नावाच्या गटाने केलेला. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज काँट्रॅक्टर, मीरा राव या चौघांचा हा गट. 1980 मध्ये पुण्यात धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी काम बंद ठेवलं, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्या घडामोडींच्या ऐन मध्यात हे लोक पोचले. जेमतेम पंचवीस मिनिटांची मराठी फिल्म. तिच्यात या बायका पगाराबद्दल बोलतात, सुट्टीबद्दल बोलतात, आजारी पडलं की काम कसं सुटतं ते सांगतात. आमच्यासारख्या घरांत जे रोज घडत होतं, ते तिथे मोरीच्या बाजूने सांगितलं जात होतं.

स्त्रियांच्या हक्कांवरचे माहितीपट म्हटले की सुशिक्षित माणूससुद्धा पटकन म्हणून जातो, ‘अहो, हे बघतं कोण? ज्यांना आधीच पटलेलं असतं तेच.’ हा आक्षेप मला मुळातच चुकीचा वाटतो, कारण त्यात प्रेक्षक म्हणजे आपण, हे गृहीत धरलेलं आहे. ‘मोलकरीण’ आमच्यासाठी काढलेली नव्हतीच. ती वस्त्यावस्त्यांमध्ये दाखवली गेली आणि संघटना बांधायला तिचा उपयोग झाला. चार घरची कामं करणारी बाई पडद्यावर आपल्यासारखीच दुसरी बाई बघते. ‘हे माझ्या एकटीचं नशीब नाही, हा व्यवहार आहे आणि तो बदलून मागता येतो,’ हे तिला तिथे उमगतं. तिला आधीच काय पटलेलं होतं?

पुढच्याच वर्षी हा गट निपाणीला गेला. तिथल्या तंबाखूच्या वखारींमध्ये हजारो बायका राबत होत्या. तंबाखू चाळायची, झोडपायची, निवडायची, आणि तो खकाणा दिवसभर नाकातोंडात घ्यायचा. अनिल अवचटांनी या बायकांबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे मराठी वाचकाला वखारींचं नाव अगदीच अपरिचित नव्हतं. ‘युगांतर’चे लोक चारेक महिने या बायकांसोबत राहिले. काय चित्रित करायचं, हे बायकांशी बोलून ठरत गेलं. कॅमेरा वखारीच्या आत शिरला तो त्यांच्याच बळावर, आणि आपला संप त्यांनी कॅमेऱ्यापुढे पुन्हा उभा करून दाखवला. आपण केलेला लढा स्वतःच पुन्हा मांडायचा, त्याचा क्रम लावायचा, कोणी कुठे काय म्हटलं हे आठवायचं. अभ्यासवर्ग याहून वेगळा काय असतो?

‘एकांगी’ हा दुसरा ठपका. तो नेहमी पुरुषी सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या फिल्मवरच बसतो. आनंद पटवर्धन यांची ‘फादर, सन अँड होली वॉर’ 1995 ची. देवराळ्याचं सतीप्रकरण, दंगली, आणि मर्दानगीच्या नावाखाली पोसली जाणारी हिंसा यांचा धागा तिने जोडून दाखवला. दूरदर्शनने ती दाखवायचं नाकारलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2006 मध्ये न्यायालयाने ती प्रक्षेपित करायला लावली. फिल्म तुकड्यांत तोडून नव्हे, अखंड पाहून तिचा एकूण परिणाम काय होतो ते बघायचं, ही कसोटी तिथे लागली. मला तेवढी पुरेशी वाटते. मारणाऱ्याला आणि मार खाणारीला सारखी मिनिटं वाटून दिली म्हणजे न्याय झाला, असं मी मानत नाही. मारणाऱ्याची बाजू आपण घराघरांत पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत.

सगळ्यात जड प्रश्न मात्र ‘बदललं काय?’ हा. त्याला उडवून लावण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. दीपा धनराज यांनी 1991 मध्ये ‘समथिंग लाइक अ वॉर’ केली, आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमावर. नसबंदीच्या शिबिरात बायका एकीमागून एक टेबलावर येतात, आणि आपण किती झपाट्याने ऑपरेशनं उरकतो हे डॉक्टर अभिमानाने सांगतो. त्याच फिल्ममध्ये दुसरीकडे काही बायका जमिनीवर बसून बाईच्या शरीराचं चित्र काढतात आणि पाळी, बाळंतपण, नवरा, सुख, सगळ्यावर मोकळेपणाने बोलतात. एका बाजूला टार्गेट, दुसऱ्या बाजूला माणूस. त्यानंतर तेवीस वर्षांनी, 8 नोव्हेंबर 2014 रोजी, छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या पेंडारीत एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांनंतर किमान 13 जणी दगावल्या. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सरकारला 2016 मध्ये सांगितलं.

मग फिल्म हरली का? मला उलट दिसतं. 1991 पासून पुरावा समोर होता. ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय त्या फिल्मने कोणालाही ठेवली नाही. साक्षीदार खरं बोलला आणि ऐकणाऱ्याने कान बंद केले, तर जाब ऐकणाऱ्याला विचारायचा. साक्षीदाराला नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, कारण तो बायकांकडूनच आलेला आहे. ‘खबर लहरिया’ या ग्रामीण पत्रकार बायकांच्या वृत्तसंस्थेवरची ‘रायटिंग विथ फायर’ 2022 च्या ऑस्करच्या नामांकनात पोचली, तेव्हा खुद्द संस्थेने जाहीरपणे सांगितलं की हे आमचं पूर्ण चित्र नाही. कौतुकाच्या गर्दीत हे बोलायला धैर्य लागतं. ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती ओळखीची वाटत नसेल, तर दिग्दर्शकाने थांबून ऐकलंच पाहिजे. निष्ठा जैन यांनी ‘लक्ष्मी अँड मी’मध्ये कॅमेरा थेट आपल्या घरात आणला, आपल्याकडे कामाला येणाऱ्या मुलीवर आणि तिच्याशी वागणाऱ्या स्वतःवर. मालकीण आणि दिग्दर्शक एकच असताना फिल्म कशी करायची, ही अडचण त्यांनी झाकली नाही. ‘मोलकरीण’नंतर पाव शतकाने आलेली ही फिल्म मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

2008 मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याचं श्रेय एखाद्या फिल्मला देणं वेडेपणाचं ठरेल. ते संघटनांचं आहे. आणि कायदा झाला तरी महिन्याला किती सुट्ट्या, त्या पगारी की बिनपगारी, हे आजही दारात उभं राहूनच ठरतं.

‘मोलकरीण’ मी नंतर आईला दाखवली, लॅपटॉपवर, जेवणं झाल्यावर. ती मावशींचे खाडे कालनिर्णयवर फुल्या मारून ठेवायची, दुधाच्या हिशेबाशेजारी. फिल्म संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्या फुल्यांत तिच्या बाळंतपणाचे दिवसही होते. आणि मी पैसे कापले होते.”