गुरं पेंढ्यावर, पाला चिखलात

मालवण : कातळावरचं गवत करपलं की एप्रिल-मेमध्ये गोठ्यातल्या गुरांच्या बरगड्या दिसू लागतात. मार्च २०१५ पासून राज्यात गायींसोबत बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे पॉवर टिलर आल्यावर बिनकामाचा झालेला बैलही पोसायचा. मग पेंड घालायची कुणाला? दूध देणाऱ्या गायीलाच. बाकीच्यांना नुसता पेंढा. नाहीतर मोकाट सोडायचं, आणि शेजाऱ्याच्या वायंगणात घुसली की भांडण.

भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. कुंपणाच्या गिरिपुष्पाचा किंवा सुबाभळीचा पाला सुकवून मोजला तर २० टक्क्यांच्या आसपास. तरी गिरिपुष्प बहुतेक जण खत म्हणून चिखलातच तुडवतात. उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव ऐकून गोठ्यात न्यायला बिचकतात. घोड्याला ते विषारी आहे खरं, पण रवंथ करणाऱ्या गुरांना चालतं. वासामुळे गुरं आधी तोंड लावत नाहीत. पाला दिवसभर सुकवून, पेंढ्यात मिसळून आठ-दहा दिवस थोडा थोडा वाढवला की खातात.

सुबाभळीचं मात्र जपून. तिच्यातल्या मायमोसीनने केस गळतात, वाढ खुंटते. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि गाभण जनावराला टाळलेलीच बरी.

खरी गोची वेळेची आहे. गिरिपुष्प जानेवारीनंतर पानं टाकून फुलतं, नेमकं गरजेला बोडकं. पाऊस संपता संपता छाटलं तर नवी फूट उन्हाळ्यातही बरीच टिकते. म्हणजे कोयता दिवाळीच्या सुमारास लावायचा, मेमध्ये नाही.