शर्यतीची गाडी आणि ओल्नेचा कारखाना

फ्रान्समधील प्यूजो या मोटार कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये सात शर्यतचालकांची नावे जाहीर केली. लोइक द्युव्हाल आणि जाँ-एरिक व्हेर्न हे दोन फ्रेंच, पॉल दि रेस्टा आणि जेम्स रॉसिटर हे दोन ब्रिटिश, केविन मॅग्नुसन आणि मिकेल येन्सन हे दोन डॅनिश, आणि गुस्ताव्हो मेनेझेस हा अमेरिकन. त्याच वर्षी ६ जुलै रोजी त्यांच्यासाठी बांधलेली ‘९एक्स८’ ही गाडी जगापुढे आली. २.६ लिटरचे पेट्रोल इंजिन मागच्या चाकांना आणि २०० किलोवॉटची विजेची मोटर पुढच्या चाकांना गती देते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवून पुन्हा वापरली जाते. शर्यतीच्या गाडीला मागे असणारा पंखही या गाडीला नव्हता, आणि कंपनीने त्याचा मोठा गौरव केला. जुलै २०२२ मध्ये मोन्झा येथे गाडी प्रथम शर्यतीत उतरली. २०२४ मध्ये तिला मुकाट्याने पंख लावावा लागला.

शर्यत म्हणजे धनिकांचा खेळ, त्याच्याशी श्रमिकांच्या पक्षाला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु मोटार उद्योगाची नीती त्याच्या ताळेबंदात जितकी दिसते, तितकीच ती या खेळातही दिसते. किंबहुना येथे ती अधिक उघडी पडते.

प्यूजोच्या प्रसिद्धीपत्रकांत परंपरेचा उल्लेख असतो. ल माँ येथील २४ तासांची शर्यत कंपनीने १९९२, १९९३ आणि २००९ साली जिंकली, हे खरेच आहे. परंतु परंपरेच्या वहीत आणखीही पाने आहेत. ११ जून १९६८ रोजी सोशो येथील याच कंपनीच्या कारखान्यात संपकऱ्यांवर पोलिसांची कारवाई झाली आणि दोन कामगारांनी प्राण गमावले. दुसरे पान २०१२ सालचे आहे. त्या वर्षीच्या हंगामासाठी कंपनीची पहिली हायब्रिड शर्यतगाडी सिद्ध होत होती. हंगाम तोंडावर आला असता, १८ जानेवारीस, कंपनीने दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतून अंग काढून घेतले. सहा महिन्यांनी, १२ जुलैस, दुसरी घोषणा झाली: फ्रान्समधील ८,००० नोकऱ्या कमी होणार आणि पॅरिसजवळील ओल्नेचा कारखाना बंद होणार. १९७३ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात सुमारे ३,००० माणसे काम करीत होती. त्यांतील कित्येक उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील होती. जानेवारी ते मे २०१३ असा चार महिने संप चालला. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथील शेवटची मोटार बाहेर पडली.

येथे एका सोप्या युक्तिवादाचा मोह टाळला पाहिजे. शर्यतीवरील पैसा वाचवला असता तर ओल्ने वाचले असते, असे म्हणणे अंकगणिताला धरून नाही. कंपनीचा २०१२ सालचा तोटा ५०० कोटी युरोंच्या घरात होता. शर्यतीच्या खर्चाने तो ना झाला, ना शर्यत थांबवून तो भरून निघाला. प्रश्न खर्चाच्या आकड्याचा नसून निर्णयाच्या अधिकाराचा आहे. गाडी शर्यतीत उतरवावी की नाही, हे जे मूठभर लोक ठरवतात, तेच कारखाना चालावा की नाही हेही ठरवतात. पहिल्या निर्णयाने फार तर एक संघ विखुरतो. दुसऱ्याने एक वस्ती उद्ध्वस्त होते. दोन्हींची तऱ्हा मात्र एकच आहे.

यानंतर सरकार पुढे आले. २०१२ मध्येच फ्रेंच सरकारने कंपनीच्या कर्जपुरवठा करणाऱ्या बँकेला ७०० कोटी युरोंपर्यंतची हमी दिली. २०१४ मध्ये सरकारने आणि चीनच्या डोंगफेंग कंपनीने प्रत्येकी ८० कोटी युरो घालून प्रत्येकी सुमारे १४ टक्के भाग घेतले. कंपनी सावरली. २०१७ मध्ये सरकारने आपले भाग सार्वजनिक मालकीच्या गुंतवणूक बँकेकडे सोपवले, तेव्हा त्यांचे मोल १९० कोटी युरोंहून अधिक झाले होते. म्हणजे सरकारी तिजोरीचे नुकसान झाले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हमीच्या बदल्यात कामगारांच्या प्रतिनिधीला देखरेख मंडळावर जागाही मिळाली. तरीही ओल्ने बंदच झाले. सार्वजनिक पैसा आणि मंडळावरील एक खुर्ची, एवढ्याने निर्णयाची सूत्रे हलत नाहीत, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये प्यूजोचा समूह फियाट-क्रायस्लरमध्ये विलीन होऊन स्टेलांटिस ही महाकाय कंपनी जन्मास आली, आणि पुढच्याच महिन्यात त्या सात चालकांची नावे झळकली. स्टेलांटिसचे प्रमुख कार्लोस ताव्हारेस हे स्वतः शर्यतीचे हौशी चालक. २०२३ सालासाठी त्यांचा मोबदला ३ कोटी ६५ लाख युरो होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत इंग्लंडमधील ल्यूटनचा व्हॅन कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. ११०० कामगारांचा प्रश्न उभा राहिला. काही दिवसांत ताव्हारेस यांनी पद सोडले. मार्च २०२५ मध्ये ल्यूटनला कुलूप लागले. प्रमुख गेला, निर्णय राहिला.

आता शर्यतीच्या नियमांकडे पाहावे. २०१६ अखेर आउडी आणि २०१७ अखेर पोर्शे या स्पर्धेच्या वरच्या वर्गातून बाहेर पडल्या. पैसा ओतण्याची चढाओढ इतकी वाढली होती की २०१८ ते २०२० या काळात तेथे हायब्रिड गाडी घेऊन टोयोटा एकटीच उरली. मग नवे नियम आले. कमाल शक्तीवर आणि किमान वजनावर बंधन घालण्यात आले. कोणाची गाडी फार पुढे गेली तर तिला वजन वाढवून द्यायचे, मागे राहणारीला थोडी सूट द्यायची, असा ‘कामगिरीचा समतोल’ नियामक मंडळी राखू लागली. यानंतर कंपन्यांची रीघ लागली. अनिर्बंध स्पर्धेत शेवटी स्पर्धकच उरत नाहीत, हे समाजवाद्यांनी सांगितले की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनीच आपल्या खेळासाठी नियोजन आनंदाने पत्करले. नियोजनाला त्यांचा विरोध नाही. दुसऱ्याच्या हितासाठी होणाऱ्या नियोजनाला आहे.

चालकांच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट होते. ल माँच्या २४ तासांसाठी एका गाडीस तीन चालक असतात. कोणत्याही सहा तासांत एकाने चार तासांहून अधिक, आणि एकूण चौदा तासांहून अधिक गाडी चालवायची नाही. चालकाची इच्छा असली तरी नाही. त्याच्या संमतीला येथे किंमत नाही. थकलेला माणूस स्वतःला आणि इतरांना धोका असतो, हे तेथे सर्वमान्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मात्र कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली, आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल असा दिलासा दिला. ल माँची शर्यत वर्षातून एकदा होते. कारखान्याचा भोंगा रोज वाजतो. आणि करार सोडून मार्च २०२२ मध्ये फॉर्म्युला वनकडे परतण्याची मुभा मॅग्नुसनला होती. ज्याला दुसरा दरवाजा उघडा नाही, त्याची संमती ही संमती नसते.

म्हणून या गाडीचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. तिची यंत्ररचना माणसाच्या बुद्धीचे आणि कुशल हातांचे फळ आहे. वाया जाणारी शक्ती परत मिळवण्याचे हेच तत्त्व २००७ नंतर आलेल्या मुंबईच्या नव्या उपनगरी गाड्यांतही आहे, आणि तेथे त्याचा लाभ लाखो प्रवाशांना होतो. तंत्र कोणाच्या सेवेला जुंपायचे, हाच वाद आहे.

महाराष्ट्रात १९६४ पासून उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती मिळत आल्या आहेत. रांजणगावला टाटांच्या भागीदारीत स्टेलांटिसच्या जीप गाड्या २०१७ पासून तयार होतात. तेव्हा ओल्ने आणि ल्यूटन ही काही परक्या ग्रहावरील गावे नाहीत. सवलतीच्या प्रत्येक करारात तीन अटी असाव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी कामगार संघटनांतून आणि ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे: कारखाना बंद करण्यापूर्वी हिशेब कामगारांपुढे खुला करणे, बंदीचा निर्णय त्यांच्या प्रतिनिधींच्या मान्यतेवाचून न होणे, आणि मुदतीपूर्वी निघून जाणाऱ्याने सवलत व्याजासह परत करणे. शर्यतीत उतरणाऱ्या कंपन्या नियम मोडल्याचा दंड निमूटपणे सोसतात. तेवढी शिस्त त्यांनी समाजाच्या अंगणातही पाळावी, एवढेच मागणे आहे.