थाई चिकन, गाडा आणि आपला सल्ला

बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी या आपल्या परिसराची खाद्यसंस्कृती मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चार चुलींवर शिजलेली आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, तहरी, सुसला, मिरचीभजी या पंक्तीत परका पदार्थ येऊन बसला की आपण फार काळ त्याला परका म्हणत नाही. गोबी मंचुरियन असेच आले आणि इथलेच झाले. आता संध्याकाळच्या खाऊबाजारात ‘थाई’ अशी पाटी लावलेले गाडे दिसू लागले आहेत. मुले हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे शिकून सुट्टीत घरी येतात आणि आई-वडिलांना, धाकट्या भावंडांना तेथे घेऊन जातात. पोटात दुखू लागले की ही सर्व मंडळी आपल्याकडे येतात.

अशा वेळी आपण एकच वाक्य उच्चारतो : ‘बाहेरचे काही देऊ नका.’ माझ्या मते हे वाक्य आता औषधचिठ्ठीवरून खोडून टाकावे. ते कोणी पाळत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर. या वाक्याने पालकांना काहीच शिकवले जात नाही. मध्यंतरी एका मातेने मला शांतपणे सांगितले, “बाहेरचं काही दिलं नाही हो डॉक्टर, फक्त थाई चिकन दिलं.” तिच्या लेखी ‘बाहेरचे’ म्हणजे पाणीपुरी आणि बर्फाचा गोळा! जे गरम, महाग आणि परदेशी नावाचे, ते बाहेरचे कसे?

गंमत अशी की त्या माउलीचे म्हणणे अर्धे खरे होते. थायलंडमध्ये ‘काप्राव काय’ नावाचा लोकप्रिय पदार्थ आहे. ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘काप्राव’ म्हणजे चक्क आपली तुळस. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीच जात. (आमच्या मातोश्रींना हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.) बारीक केलेले चिकन, लसूण, मिरची आणि तुळशीची पाने प्रखर आचेवरील कढईत काही मिनिटे परतली जातात. एवढ्या उष्णतेत, एवढ्या लहान तुकड्यांत, साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर टिकण्याची शक्यता फार कमी. मांसाच्या मध्यभागी सुमारे ७५ अंश सेल्सियस तापमान पोहोचले की काम होते. डोळ्यांदेखत परतून वाफाळत ताटलीत आलेले हे चिकन थंड चटणीपेक्षा किंवा उघड्यावरील कापलेल्या फळांपेक्षा सुरक्षित आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

धोका आहे तो त्याच्या आजूबाजूला. सोबतचा भात दुपारी शिजवून ठेवलेला असतो. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या उष्म्यात चार-पाच तास राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियसचे विष तयार होते आणि ते पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. काडीला टोचलेल्या ‘साते’चे जाड तुकडे गर्दी होण्यापूर्वी अर्धवट भाजून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की वरवर गरम करतात. नारळाच्या दुधाचा डबा फोडून तसाच उघडा असतो. कच्च्या पपईची कोशिंबीर ज्या पाण्याने धुतली, ते पाणी कोठले, हे कोणी विचारत नाही. शेजारच्या तेलंगणात ३० ऑक्टोबर २०२४ रोजी कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घालावी लागली, ती हैदराबादेत मोमो खाऊन अनेकजण आजारी पडल्यावर व एका महिलेचा मृत्यू झाल्यावर. तोच पांढरा सॉस आपल्याकडील गाड्यांवरही मिळतो. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी हेही जाणावे की थाई करीच्या वाटणात बहुधा कोळंबी आंबवून केलेला लगदा असतो. ताटलीत कोळंबी दिसत नाही म्हणून ती नाही असे नव्हे.

आपला आवडता आरोपी मात्र वेगळाच : अजिनोमोटो! १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पत्रावरून ही भीती सुरू झाली; पुढील काळातील शास्त्रशुद्ध चाचण्यांत तिला भक्कम आधार मिळाला नाही. तरीही आपण पालकांना ‘त्यात अजिनोमोटो असतो’ असे सांगून मोकळे होतो आणि खरा दोषी लाल रंग लेवून समोर उभा असतो.

कर्नाटक शासनाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले. कापूसमिठाईच्या २५ पैकी १५ नमुन्यांत घातक रंग होते. रोडामिन-बी हा तर कापड रंगविण्याचा रंग. जूनमध्ये कबाबची पाळी आली : ३९ पैकी ८ नमुन्यांत सनसेट यलो व कार्मोइसिन आढळले आणि चिकन व मासळीच्या कबाबात कृत्रिम रंग घालण्यास राज्यभर मनाई झाली. हे दोन रंग मिठाईसारख्या काही पदार्थांत ठराविक प्रमाणात चालतात, कबाबात नाही. याच रंगांसह काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या अतिचंचलतेशी संबंध २००७ च्या साउदम्प्टन येथील अभ्यासात दिसला होता. परिणाम लहान होता आणि त्यावर वाद आहे, तरी युरोपीय संघाने २०१० पासून वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. खऱ्या थाई पाककृतीला या रंगांची गरजच नसते. हिरव्या करीला हिरवेपणा मिरचीचा असतो. म्हणून पालकांना मी सांगतो : चिकन कुंकवासारखे लाल दिसले तर ते थाईही नाही आणि खाण्यासारखेही नाही.

आता आपल्या व्यवसायबंधूंविषयी थोडे स्पष्ट बोलतो. परवानाधारक खाद्यव्यवसायातील कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्यांना विषमज्वरासारख्या रोगांची लस मिळावी, असे नियम सांगतात. त्या प्रमाणपत्रावर सही आपली असते. ती अनेकदा कामगाराचे तोंडही न पाहता होते, हे आपण सर्व जाणतो. विषमज्वराच्या जंतूला माणसाशिवाय दुसरे घर नाही. धडधाकट दिसणारा एखादा वाहक आचारी किती घरे आजारी पाडू शकतो, हे न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनने १९०७ मध्येच दाखवून दिले. आणि जिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभली, ती विषमज्वराची संयुग्मित लस आपल्या शेजारच्या हैदराबादेतच बनते! आपण ती सुखवस्तू घरातील बालकांना टोचतो. ज्याच्या हातचे ती बालके खातात, तो कढईपाशी उभा असलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा मात्र लशीवाचून राहतो. तोही बहुधा औराद किंवा आळंदच्या एखाद्या खेड्यातून पोटासाठी आलेला असतो.

दरवर्षी आपण रक्तदाबाची आणि मधुमेहाची शिबिरे घेतो. तीच माणसे येतात, तेच आकडे लिहितो. यंदा एक शिबिर खाऊबाजारातच घ्यावे, अशी माझी सूचना आहे. ते दुपारी तीन वाजता असावे, कारण गाडे लागण्यापूर्वीचा तोच मोकळा वेळ. तपासणी खरी असावी, लस संस्थेच्या खर्चाने द्यावी, हात धुण्यासाठी तोटी असलेली पाण्याची टाकी प्रत्येक गाड्याला भेट द्यावी आणि भात दोन तासांहून अधिक काळ का ठेवू नये, हे कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांत समजावून सांगावे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हे उरकले पाहिजे. लशीचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि जूनमध्ये नळाला गढूळ पाणी येऊ लागते.