ई-रीडर घ्यायचाय? आधी फूटपट्टी घ्या!

आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी फक्त पास होण्यापुरता विषय होता. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाने त्या पदरात घ्याव्यात. पण विषयच असा आहे की गप्प बसवेना.

विषय आहे डोळ्यांचा. आपल्या हॉस्टेलवर पी.एल. लागली की दोन गोष्टींचा खप वाढतो. एक मॅगी आणि दुसरे आय ड्रॉप्स! रात्री दीड वाजता कॉरिडॉरमधून एक चक्कर मारून बघा. खोलीत अंधार, आणि पांघरुणाखाली एक निळसर चौकोन चमकतोय. त्या चौकोनात सीनियर्सकडून वारसाहक्काने आलेली सातशे पानांची पीडीएफ उघडलेली असते आणि वाचणारी व्यक्ती दर दोन मिनिटांनी डोळे चोळत असते.

मग कोणीतरी येऊन विचारतं, "अगं, डोळ्यांना त्रास न होणारा ई-रीडर कुठला घेऊ?" या सेमिस्टरमध्ये हा प्रश्न मला किमान सहा जणींनी विचारला. मला का? कारण मी एकदा चांगली फसले आहे. ठेच लागलेल्या माणसाचा सल्ला लोकांना खात्रीचा वाटतो.

झालं असं की दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत केलेल्या इंटर्नशिपचे पैसे हातात आले. आयुष्यातली पहिली कमाई! आईला साडी घेतली आणि उरलेल्या पैशांत एक 'ई-बुक रीडर' मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'डोळ्यांना सुखकर' असं छापलेलं. घरी आल्यावर उघडला तर काय, साधा एलसीडी टॅबलेट! 'डोळ्यांना सुखकर' म्हणजे एक बटण होतं, ते दाबलं की पडदा पिवळा पडायचा. इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी असून पडदा कुठल्या प्रकारचा आहे हे मी घेण्याआधी वाचलंच नव्हतं. कुणाला सांगायचीही लाज वाटली.

महिन्याभरात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरायला लागलं. नंबर वाढला असणार या भीतीने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं, "नंबर तेवढाच आहे. डोळे कोरडे पडलेत. तू पापण्या मिटायला विसरतेस."

मला वाटलं, डॉक्टर गंमत करतायत. पण गंमत नव्हती. आपण सहसा मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून बसलो की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. डोळ्यांवरचा पाण्याचा थर सुकतो, मग चुरचुर, मग डोकेदुखी. सगळे जण ज्या निळ्या प्रकाशाच्या नावाने खडे फोडतात, त्याबद्दल अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे. पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही. झोपेचा प्रश्न वेगळा. २०१५ साली पी.एन.ए.एस. या नियतकालिकात छापलेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी काही तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप उशिरा लागली. प्रयोग फक्त १२ जणांवर होता, पण आपल्या मजल्यावरची अवस्था बघता तो मला तरी पटतो.

मग ई-इंकचा पडदा वेगळा कसा? ही कल्पना एम.आय.टी.च्या मीडिया लॅबमधली. तिथले प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट हे दोन विद्यार्थी यांच्या कामातून १९९७ मध्ये ई-इंक कंपनी उभी राहिली. विद्यार्थी म्हणजे आपल्याच वयाची मुलं बरं का! पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत द्रव, आणि त्यात पांढरे व काळे कण. दोघांवर विरुद्ध चार्ज असतो. व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो. पान तयार झाल्यावर वीज काढून घेतली तरी अक्षरं जागची हलत नाहीत, म्हणूनच बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. असा पडदा असलेला पहिला रीडर सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये विकायला काढला आणि २००७ मध्ये किंडल आलं.

मुद्दा हा की या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. कागदासारखाच तो खोलीतला उजेड परत फेकतो. उन्हात एलसीडी फिकट दिसतो, हा उलट जास्त स्वच्छ दिसतो. नव्या रीडरमध्ये दिवे असतात, पण ते कडेला बसवलेले. त्यांचा उजेड आधी पानावर पडतो आणि मग डोळ्यांकडे येतो.

पण म्हणून ई-इंक म्हणजे जादू नव्हे. २०१२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात चांगल्या प्रतीच्या एलसीडीवर आणि ई-इंकवर काही तास वाचल्यावर थकव्यात फारसा फरक आढळला नाही. २०१३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात मात्र एलसीडीवर डोळे जास्त थकल्याचं दिसलं, आणि ई-इंक कागदाच्या जवळपास निघाला. म्हणजे पडद्याचा प्रकार हे उत्तराचं एक टोक झालं. दुसरं टोक आपण मोजतच नाही. ते म्हणजे अक्षराचा आकार.

आता फूटपट्टी काढा. बरेच ई-रीडर ६ इंची असतात, म्हणजे पडद्याची रुंदी साधारण ९ सेंटिमीटर. आपल्या सरांच्या नोट्स ए-फोर आकाराच्या, रुंदी २१ सेंटिमीटर. पीडीएफचं पान आहे तसंच्या तसं लहान होतं. तेव्हा नोट्समधलं १० पॉइंटचं अक्षर या पडद्यावर जेमतेम सव्वाचार पॉइंटचं उरतं. औषधाच्या चिठ्ठीवरचा मजकूर आठवा! दोन्हीकडचे समास कापले तर साडेपाच, पडदा आडवा धरला तर साडेसात. सात सेंटिमीटर रुंदीच्या मोबाइलवर तर सव्वातीनच. मग आपण पडदा नाकाजवळ नेतो, डोळे ताणतो आणि दोष देतो निळ्या प्रकाशाला!

हेच गणित १०.३ इंची रीडरवर करा. त्याची रुंदी १५.७ सेंटिमीटर. समास कापले की अक्षर जवळपास मूळ आकाराचं दिसतं. पाठ्यपुस्तकांसाठी खरा उपयोगी तोच. पण त्याची किंमत अशी की घरी मागायची हिंमत होत नाही. आणि लहान पडद्यावर झूम करून भागवू म्हणाल, तर ई-इंक हळू चालतो. पान सरकवलं की पडदा एकदा काळा होणार, आधीच्या समीकरणाची सावली मागे राहणार, आणि फूरिये ट्रान्सफॉर्मच्या मध्यभागी तुमचा धीर सुटणार. हा स्वानुभव आहे!

हो, कारण दुसऱ्यांदा मी शहाणी झाले. पासआउट होणाऱ्या एका सीनियर ताईकडून जुना ६ इंची ई-इंक रीडर निम्म्याहून कमी पैशांत घेतला. पाठ्यपुस्तकांसाठी तो बिनकामाचा ठरला. पण त्याने एक वेगळंच काम केलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी मराठी वाचताना अडखळते. पेपरमधल्या बारीक अक्षरात 'द्य' आणि 'द्ध' मला एकच वाटायचे, रफार कुठल्या अक्षराचा ते कळायचं नाही. दोन ओळींत कंटाळून मी इंग्रजीकडे वळायचे. २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली हे मला त्या ताईकडूनच कळलं. एक कादंबरी घेतली आणि अक्षरं मोठ्ठी केली, पहिलीच्या पुस्तकाएवढी. एका पानावर जेमतेम पन्नास शब्द. हसू नका, पण आयुष्यात पहिल्यांदा मी अख्खी मराठी कादंबरी वाचून काढली. आईला फोन करून सांगितलं तर तिला आधी खोटंच वाटलं. माझं मराठी कच्चं आहेच, पण त्यातला काही दोष अक्षराच्या आकाराचाही होता हे मला विसाव्या वर्षी कळलं!

हे साधलं कारण ते पुस्तक पीडीएफ नव्हतं. ईपबसारख्या फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. जुन्या मराठी पीडीएफचं तसं होत नाही. बऱ्याचशा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेल्या असतात. बदलायला जावं तर अक्षरांचा नुसता भाजीपाला होतो.

तेव्हा 'कुठला घेऊ?' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आधी काय वाचणार ते सांग. कथा-कादंबऱ्या वाचणार असशील तर ६ इंची पुरतो, जुना मिळाला तरी चालेल. फक्त इंचाला ३०० ठिपके आहेत का बघ. पहिल्या किंडलवर १६७ होते आणि देवनागरीच्या मात्रा-उकारांना हा फरक चांगलाच जाणवतो. दिवा असलेला घे, आणि दिव्याचा रंग पिवळसर करता येत असेल तर उत्तम. रूममेट झोपू शकते आणि मैत्री टिकते! रंगीत ई-इंकला लगेच भुलू नकोस. त्यात पडद्यावर रंगांची जाळी बसवलेली असते, त्यामुळे पान थोडं काळपट दिसतं. सध्याच्या बहुतेक रंगीत पडद्यांवर रंगीत चित्रांना ठिपकेही निम्मेच, १५०, मिळतात. आणि पाठ्यपुस्तकांसाठी घेत असशील तर सरळ सांगते, लहान रीडर घेऊ नकोस. त्याच पैशांत सेकंडहँड पुस्तकं येतील.

आता खरं मागणं. हे प्रत्येकीने आपापल्या खिशातून सोडवायचं कशाला? आपल्या कॉलेजात बुक बँक आहेच. सेमिस्टरभर पुस्तकं नेतो, डिपॉझिट भरतो, परत करतो. तशाच पद्धतीने लायब्ररीने १०.३ इंची पाच रीडर घ्यावेत आणि रेफरन्स सेक्शनच्या पुस्तकांसारखे ते वाचनकक्षात द्यावेत. सरांच्या नोट्स आणि कॉलेजने रीतसर घेतलेली ई-पुस्तकं त्यात भरून ठेवावीत. चौकशी केली तेव्हा लायब्ररीतले काका म्हणाले, "अगं, फोडलं कुणी तर?" शंका रास्त आहे काका, हा पडदा आत काचेचा असतो आणि तो फुटतो. पण लॅबमधला ऑसिलोस्कोप याहून महाग आहे आणि तो आम्ही रोज हाताळतो. त्याला रजिस्टर आहे, सही आहे, डिपॉझिट आहे. तसंच इथेही करता येईल.

काही सर म्हणतील, "सरळ पुस्तकं वाचा ना!" सर, अगदी मान्य. कागदाइतकं डोळ्यांना मानवणारं अजून काहीच नाही. पण एका रेफरन्स पुस्तकाची लायब्ररीत एकच प्रत आणि वर्गात आम्ही साठ जण. उरलेल्या एकोणसाठ जणांनी मोबाइलवर सव्वातीन पॉइंटची अक्षरं किती दिवस वाचायची?

आणखी एक मागणी, तीही अगदी स्वस्तातली. हॉस्टेलच्या रीडिंग रूममधल्या तीन ट्यूब गेलं सेमिस्टरभर लुकलुकतायत. रेक्टर मॅडम, ई-इंक असो की कागद, त्याला वरून उजेड लागतोच. ट्यूब बदलल्या तर आम्ही पांघरुणातून बाहेर येऊ, वचन देते!

तोवर डॉक्टरांनी मला सांगितलेलं फुकटातलं औषध तुम्हालाही देऊन ठेवते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघा. आमच्या खिडकीतून समोरच्या मेसच्या दारावरची पाटी बरोबर तेवढ्या अंतरावर येते. गेल्या परीक्षेत मी ती इतक्या वेळा बघितली की आठवड्याचा मेनू पाठ झाला. आणि हो, हे वाचून झालं असेल तर एकदा पापण्या मिटा!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन