ट्रंकेतील शेरवानी आणि बोटीवरील मेजवानी

आमच्या राजेश्वरच्या घरी गेल्या महिन्यात माळ्यावरची जुनी लोखंडी ट्रंक खाली उतरविली गेली, आणि तिचे निमित्त झाला समुद्र. येथून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर. गावातील कित्येक वृद्धांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. परंतु परदेशी असलेल्या आमच्या कन्येने आपल्या भावास व भावजयीस भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या सफरीचे आमंत्रण धाडले, त्यासोबत बोटीच्या कंपनीचे सूचनापत्रही आले, आणि त्यात एक वाक्य होते की सफरीत दोन रात्री 'फॉर्मल नाइट' असतील, तरी प्रवाशांनी भोजनगृहात त्यास साजेशा पोशाखात यावे. आमचे चिरंजीव हैदराबादेस असतात. त्यांनी फोनवर विचारले, "आण्णा, आजोबांची शेरवानी अजून आहे ना?"

शेरवानी होती. पण तिची कथा सांगण्यापूर्वी या रात्रीचे प्रकरण काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले हल्ली आईवडिलांस अशा सफरी घडवितात आणि पोशाखाचा प्रश्न घरोघरी पडतो.

बोटीवरील रात्रीच्या भोजनास खास पोशाख करावा ही चाल विलायतेची. काळा आखूड कोट, पांढरा सदरा आणि गळ्याशी काळी बो हा पुरुषांचा वेष. या कोटाचा उगम लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या दुकानी १८६५ साली झाला असे सांगतात; पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने घरगुती भोजनासाठी शेपट्या नसलेला सुटसुटीत कोट शिवून घेतला तो हा. म्हणजे आज ज्याचा धाक वाटतो तो वेष मुळात आरामासाठी जन्मला होता. त्यावर कमरेस जो रुंद रेशमी पट्टा बांधतात त्यास इंग्रजीत 'कमरबंड' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपलाच कमरबंद तो. फारसीतून हिंदुस्थानीत आला आणि येथील गोऱ्या अंमलदारांनी उचलून नेला. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात तर हे लोक कोट काढून ठेवीत व नुसता सदरा आणि कमरबंद एवढ्यावर जेवावयास बसत. त्या वेषास 'रेड सी रिग' असे नाव पडले, ते आजही टिकून आहे.

ही ओळख आम्ही मुद्दाम करून देत आहोत. आमच्या भागातील लोकांस पोशाखाच्या हुकुमाचे भय वाटण्याचे कारण नाही. आमच्या वाडवडिलांनी याहून कडक हुकूम पाळले आहेत. निजामाच्या दरबारात जाणाऱ्यास शेरवानी, डोक्यास दस्तार आणि कमरेस बगलूस लागे. हिंदू असो, मुसलमान असो, पारशी असो, दरबारचा पोशाख एकच. महाराजा किशनप्रसाद रियासतीचे पंतप्रधान होते, तेही शेरवानीतच वावरत. विलायती भोजनगृहात पुरुषाने टोपी काढावी अशी रीत. आमच्याकडे उघड्या डोक्याने थोरांपुढे जाणे ही बेअदबी. आमचे वडील महसूल खात्यात गिरदावर होते. कचेरीस जाताना शेरवानी आणि रुमी टोपी, घरी आले की धोतर आणि उपरणे, देवपूजेस सोवळे. दिवसातून तीन वेळा माणूस बदलत असे आणि त्यात कुणास काही विशेष वाटत नसे.

बोटीवर पगडी, फेटा किंवा आमच्याकडचा रुमाल बांधून जेवावयास बसलेल्यास कोणी तो काढावयास सांगत नाही. तो पोशाखाचाच भाग मानतात. त्याचप्रमाणे बहुतेक बोटींवर आपल्या देशाचा समारंभी पोशाख चालतो. बंदगळ्याचा गडद कोट, शेरवानी, रेशमी सदरा व धोतर यांपैकी काहीही घालून खुशाल जावे. साडीबद्दल तर प्रश्नच नाही. चांगल्या साडीपुढे गाऊन फिके पडतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

मात्र सफारी सूट घालू नये. हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता सिंगापूरहून एका लहानशा सफरीस गेलो होतो. मेजवानीच्या रात्री सौभाग्यवतींनी नारायणपेठेची जांभळी रेशमी साडी नेसली आणि आम्ही आमचा पांढरा, परीटघडीचा, चार खिशांचा सफारी चढविला. दारातून आत पाऊल टाकतो तोच एका वृद्ध गोऱ्या बाईंनी आम्हांस थांबवून कॉफी आणावयास सांगितले. बोटीवरील नोकरवर्गाचा वेष जवळजवळ तसाच होता. आम्ही कॉफी आणून दिली. सौभाग्यवती ही गोष्ट अजून प्रत्येक पाहुण्यास सांगतात.

यात आम्ही एकटे नव्हतो, हेच समाधान. १८८८ साली गांधीजी विलायतेस निघाले तेव्हा बोटीवर काळा सूट वापरला आणि मित्रांनी करून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. उतरले ते सप्टेंबरअखेर, आणि पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच आहोत असे त्यांच्या ध्यानी आले. आत्मचरित्रात त्यांनी ही फजिती लिहून ठेवली आहे. पुढे १९३१ साली हेच गृहस्थ पंचा व शाल पांघरून बकिंगहॅम राजवाड्यात चहास गेले. दोन पोशाखांमध्ये त्रेचाळीस वर्षे गेली होती.

स्त्रियांच्या बाबतीत आम्हांस नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली अठराव्या वर्षी कलकत्त्याहून त्या बोटीत चढल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे त्यांनी सांगितले होते. अमेरिकेच्या थंडीत नऊवारी पुरेना तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण साडी सोडली नाही. फिलाडेल्फियातील त्यांचे १८८५ चे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. जपान व सिरिया येथून आलेल्या दोघी सहाध्यायिनी आपापल्या देशाच्या वेषात आणि त्यांच्या शेजारी साडीतील आनंदीबाई. तिघींपैकी एकीनेही क्षमा मागितल्यासारखा चेहरा केलेला नाही.

आता सूनबाईंनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे देतो, म्हणजे इतरांसही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, बोटीवर खोलीत इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भयाने ती बंदरावरच काढून घेतात, आणि वाफेच्या इस्त्रीचीही तीच गत. कपडे दाबून मिळतात, पण त्याचे दाम ऐकून साडी चुरगळलेलीच बरी वाटते. म्हणून भारी साडी घडी करून नेऊ नये; जुन्या मलमलीच्या धोतरात गुंडाळून तिची सुरळी करावी आणि बोटीवर पोहोचताच कपाटात टांगावी. दुसरी गोष्ट, मोठे सामान बंदरावर ताब्यात घेतात आणि खोलीच्या दारी येईतो कधी कधी रात्र होते. मेजवानी सहसा पहिल्या रात्री नसते, तथापि औषधे, दागिने आणि एक जोड कपडे हातपिशवीत असावेत.

तिसरी गोष्ट थंडीची. डेकवर वारा आणि आत वातानुकूलित गारठा, दोन्ही अंगास बाधतात. शाल हवीच, आणि ती भारी असली तर तीच पोशाखाची शोभा. पदर मोकळा सोडण्याची हौस असेल तर भोजनगृहात भागवून घ्यावी, डेकवर मात्र तो पिन लावून घट्ट करावा. अत्तराचा फवारा जरीवर मारू नये, जर काळवंडते. पैठणी न्यावी की इरकल? पैठणीस समुद्राची दमट हवा सोसते, पण आल्यावर एक दिवस सावलीत पसरून मग घडी घालावी. आमचे मत विचाराल तर इरकल न्यावी. ती आमच्याच कर्नाटकाची, तिचा टोपीचा तांबडा पदर दिव्यांच्या उजेडात फार खुलतो, आणि परदेशात पैठणी पुष्कळ दिसते, इरकल क्वचित. नऊवारी नेसता येणाऱ्या भगिनींनी तर ती अवश्य नेसावी. बोटीचे जिने अरुंद असतात, समुद्र खवळला की पाय अडखळतात, आणि कासोट्यात दोन्ही पाय मोकळे राहतात. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.

एवढे करूनही ज्यास या साऱ्याचा कंटाळा असेल त्याने खुशाल वरच्या मजल्यावरील साध्या भोजनगृहात जावे. ते बहुतेक बोटींवर त्या रात्रीही उघडे असते व तेथे कोणी काही विचारीत नाही. शाकाहाराची सूचना मात्र तिकिटाबरोबरच द्यावी.

असो. शेरवानीकडे वळतो.

ट्रंक उघडली तेव्हा आमच्या आत्या ओसरीवर बसल्या होत्या. वय सत्त्याऐंशी. डांबराच्या गोळ्यांचा वास येताच त्यांनी विचारले, "काय काढलंत?" आम्ही काळी शेरवानी उचलून दाखविली. आत्यांनी मान फिरविली.

१९४८ च्या उन्हाळ्यात आत्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. मे महिन्यात आमच्या भागातील गोर्टा गावी रझाकारांनी हत्याकांड केले, आणि त्यानंतर गावोगावची माणसे मिळेल त्या वाटेने सोलापूरकडे निघाली. आमचे कुटुंबही एका रात्री बैलगाडीने निघाले. गाडीत आजी, आत्या आणि कडब्याखाली दोन हंडे. वडील गाडीपुढे चालत होते ते शेरवानी आणि रुमी टोपी घालून, हातात कचेरीचे दप्तर घेऊन. उन्हाळ्याची रात्र, जाड कापड. नाक्यावर कंदील वर झाला, शेरवानी दिसली, दोन शब्द उर्दूत झाले आणि गाडी पुढे गेली. हद्द ओलांडल्यावर वडिलांनी शेरवानी उतरविली. ती घामाने चिंब झाली होती, असे आत्या सांगतात. १७ सप्टेंबरनंतर सारे परत आले, वडिलांची नोकरी चालू राहिली, १९५६ साली बिदर जिल्ह्याचे तुकडे होऊन आम्ही म्हैसूर राज्यात आलो. पण वडिलांनी ती शेरवानी पुन्हा अंगावर घातली नाही. टाकूनही दिली नाही.

आम्ही आत्यांस समजावू लागलो. म्हटले, रझाकार तर खाकी घालीत. शेरवानी दरबारची, पंडित नेहरूही तिच्याच जातीची अचकन घालीत. उलट हिनेच आपणां सर्वांस तारले. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दादानं ती भीतीनं घातली होती. जेवणाला कशाला ती?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. चिरंजीवांस फोनवर तसे कळविले. ते क्षणभर गप्प राहिले व "बरं" म्हणाले. मनातून त्यांस वाईट वाटले असावे. आजोबांची ती रात्र त्यांनी ऐकली होती, पण आत्यांच्या तोंडून नव्हे.

शेरवानी परत घडी करीत असता आत्यांनीच हात पुढे केला. "गुंड्या बिदरीच्या आहेत," त्या म्हणाल्या. वाचकांस बिदरीकाम ठाऊक असेलच. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, तिच्यावर कोरून चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह पाण्यात उकळून तीत ती बुडवितात. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. या कामास २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. गोऱ्या लोकांच्या मेजवानीचे रंग काळा व पांढरा. आमच्या जिल्ह्याच्या कारागिरांनी तेच दोन रंग शतकानुशतके सांभाळले आहेत.

गुंड्यांवर धूळ बसून चांदी मळली होती. आत्यांनी थोडे खोबरेल लावून मऊ फडक्याने त्या पुसल्या. मग कात्री मागितली आणि एकेक दोरा कापून सहा गुंड्या काढल्या. मोजताना म्हणाल्या, सातवी त्याच रात्री कुठेतरी तुटून पडली. वाटेत दिसली नाही आणि थांबून शोधण्याची सोय नव्हती.

आबिड्सच्या शिंप्याने काळा बंदगळा शिवला आहे. त्यास पाचच गुंड्या लागल्या. सहावी चिरंजीव टपालाने परत पाठवितो म्हणाले, जास्तीची म्हणून जवळ ठेवावी असे त्यांच्या मनात आले नाही. आत्यांनी ती पानाच्या डब्यात ठेवून घेतली, आणि बोटीवर वारा फार असतो असे ऐकल्यापासून गळ्याची गुंडी नीट लावावयास सांगा, असे आम्हांस दोनदा बजाविले आहे.