परवलीचा शब्द आणि नियमांचा जाच

कोणत्याही कचेरीत टेबलावरील काच किंचित उचलून पाहावी. खाली देवाच्या तसबिरीशेजारी एक चिठ्ठी बहुधा सापडेल. तिच्यावर गावाचे वा मुलाचे नाव, पुढे ‘ॲट’चे चिन्ह आणि १२३. वेतनदेयके, विद्यार्थ्यांचे गुण, भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब यांच्या दाराला लावलेले कुलूप ते हेच. याबद्दल कारकुनाला हलगर्जी ठरविण्याची रीत पडून गेली आहे. दोष वस्तुतः नियम करणाऱ्यांकडे जातो.

एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह आणि दर नव्वद दिवसांनी नवा पासवर्ड, हा दंडक जगभर रूढ झाला तो मुख्यत्वे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शिकेमुळे. तिच्यातील हा भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही तो बदलला. शब्द फुटल्याचा पुरावा असल्यावाचून तो बदलायला लावू नये, चिन्हांची सक्ती नसावी आणि निदान ६४ अक्षरांपर्यंतची लांबी स्वीकारावी, असे तिने सांगितले. गुरूने सोडलेला हट्ट शिष्यांनी मात्र धरून ठेवला आहे.

सक्ती केली की माणूस पळवाट काढतो. मोठे अक्षर आरंभी येते, अंक शेवटी. मुदत संपली की १ चा २ होतो. हे चोराला पुरते ठाऊक असते. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतील ८६ टक्के सहज हुडकण्याजोगे निघाले. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, ‘रॉकयू’ या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्यावर आले. त्यांत सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६!

मग उपाय कोणता? पाढे आणि स्तोत्रे पाठ केलेल्या माणसाला शब्दांची माळ सहज लक्षात राहते. परंतु तोंडपाठ अभंगाचा चरणच घ्यावा असे कोणास वाटेल, तर तेथे फसगत आहे. जे छापले गेले ते चोराच्या यादीतही असू शकते. शब्द मनाने निवडायचेच नाहीत. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली यासाठी ७,७७६ शब्दांची यादी केली. पाच वेळा फासा टाकावा, पडलेल्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यावा, आणि असे सहा शब्द जुळवावेत. धर्मराजाला फाशांनी बुडविले. येथे तेच तारतात. आठ लहान रोमन अक्षरांच्या सर्व जुळण्या १२ अंकी संख्येत मावतात, या सहा शब्दांच्या जुळण्यांना २४ अंक लागतात.

मराठी यादी करणे अवघड नाही. एखाद्या वर्गातील मुलांना १,२९६ सोपे शब्द दोन-तीन तासांत जमविता येतील. तेथे प्रत्येक शब्दास फासा चारदा टाकला की पुरे. जुळण्यांची संख्या तरीही १९ अंकी होते. ‘उंबरठा कोयता ढग पावशेर मांजर टपाल’ असे काही हाती आले, तर उंबरठ्यावरचा कोयता आणि टपाल वाटणारे मांजर यांचे चित्र मनात रंगवावे. दोन दिवसांत ते पक्के बसते. (छापून आलेली ही माळ अर्थातच कोणी वापरू नये.) ‘ज्ञान’ रोमन लिपीत तिघे तीन प्रकारे लिहितात, तेव्हा असे शब्द यादीतच नसावेत.

पंधरा अक्षरांपलीकडे जाऊ न देणारी संकेतस्थळे हा यातला खरा अडसर आहे, आणि तो दूर करण्यास एकही पैसा लागत नाही, केवळ एक आदेश लागतो. तोपर्यंत प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा ठेवून ते सारे वहीत लिहावेत, आणि ती वही घरच्या कपाटात खरेदीखताशेजारी ठेवावी. परमुलखात बसून खाती फोडणारा चोर ते कपाट उघडायला येत नाही. कचेरीतील काच मात्र कोणीही उचलू शकतो.